भाग चौथा कोणाकडे आहे?

चांगल्या पुस्तकाचे किस्से होत नाहीत. ते वाचून झालं की माणूस दोन दिवस गप्प असतो आणि मग आपल्या कामाला लागतो. किस्से साचतात ते फसलेल्या पुस्तकांचे! आमच्या भिलाईच्या वाचक मंडळाकडे ते इतके साचलेत, की कुणाच्या बारशाला जमलो तरी पाळण्याआधी पुस्तकाचा विषय निघतो. त्यातही एका रहस्यकादंबरीनं आम्हाला जेवढं दिलं, तेवढं कुणी दिलं नाही. त्यातलं काही हसण्यासारखं आहे, काही अजिबात नाही.

कादंबरीचं नाव सांगत नाही. लेखक हयात आहे, आणि त्यानं मुद्दाम आमचं काही वाकडं केलं असं म्हणता येत नाही.

मंडळ म्हणजे सात-आठ मराठी घरं. काही स्टील प्लांटमधली, काही दुर्गची. महिन्यातल्या एका रविवारी कुणाकडे तरी जमायचं, चहा-चिवडा खायचा आणि पुस्तकावर भांडायचं. इकडे मराठी पुस्तक विकत मिळत नाही. नागपूरला कुणी गेलं तर एक प्रत घेऊन येतं, आणि त्या एका प्रतीवर सगळ्यांचे डोळे. यावर आमच्या पाध्ये सरांनी एक उपाय शोधून ठेवलाय. सर दुर्गच्या पद्मनाभपुरात राहतात, शाळेत मराठी-संस्कृत शिकवून निवृत्त झालेत. रहस्यकथा आली की ते सरळ ब्लेड घेतात आणि पुस्तकाचे चार तुकडे करतात! प्रत्येक तुकड्याला खाकी कव्हर, वर आकडा. एक, दोन, तीन, चार. एका वेळी चार घरं वाचतात, आणि भाग फिरत राहतात.

सगळ्याच पुस्तकांना ही शिक्षा नाही. कवितासंग्रह मात्र आजपर्यंत एकदाही कापावा लागला नाही!

* * *

या पद्धतीत एक घोळ आहे. भाग क्रमानंच हातात येईल याची काही हमी नाही.

लांजेवार हा आमचा क्रेन ऑपरेटर. मूळ भंडाऱ्याकडचा, घरी धानाची शेती. त्याची ड्यूटी कधी ए शिफ्ट, कधी सी. जो भाग समोर दिसेल तो उचलायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायचा, अशी त्याची रीत. या कादंबरीचा त्याला आधी मिळाला भाग तिसरा. वाचून तो इतका खूश झाला की गेटवरच त्यानं मला अडवलं.

"गजाभाऊ, काय लिवलंय राजा! हा इन्स्पेक्टरच खुनी हाये, पक्का! सारा वेळ लोकाईच्या घरी जाऊन चहा पिऊन राहिला, अन् विचारून काईच नाई राहिला!"

मग त्याला पहिला भाग मिळाला. तो वाचल्यावर कळलं की इन्स्पेक्टर खुनी नाही, लेखकालाच त्याच्याकडून दुसरं काही करवून घेता आलेलं नाही. लांजेवारला फार वाईट वाटलं.

"अन् खून कुठं हाये? दोन भाग झाले, एक मुर्दा नाई! कव्हरवर तर एवढा मोठ्ठा सुरा दाखवला!"

सुरा होता. दुसऱ्या भागात होता. इन्स्पेक्टरची बायको त्यानं पपई कापते.

* * *

पल्लवी ही आमच्यातली सगळ्यात तरुण. बँकेत आहे, मराठी फक्त घरी आणि मंडळात बोलते, आणि तिथंही वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवते. तिच्या हाती आधी दुसरा भाग पडला आणि तिनं मत दिलं, "मला तर एकदम टाइमपास वाटली, लेकिन पता नहीं क्यों, नींद बहुत अच्छी आई!"

त्या रविवारी मंडळात तीन मतं होती. पहिला भाग वाचलेले म्हणाले, सुरुवात झकास आहे. दुसरा वाचलेले म्हणाले, रटाळ. तिसरावाले म्हणाले, आता रंगतेय. चौथा अजून कुणी उघडलाच नव्हता. पाध्ये सर सगळ्यांवर खेकसले, "अहो, हत्तीचे पाय मोजताय तुम्ही! पूर्ण वाचा, मग बोला."

"सर, तुम्ही पूर्ण वाचली?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्यांनी वाचलीच नव्हती! कव्हरवर सुरा पाहिला, मागे 'थरारक' वाचलं, आणि ब्लेड चालवलं. भाग वाटून झाले, तोपर्यंत आत काय आहे हे मंडळात कुणालाही ठाऊक नव्हतं.

ही चूक नेहमीची होती. एरवी तिच्यावर आम्ही हसलो असतो.

* * *

कादंबरीत काय होतं ते सांगतो, म्हणजे त्या दिवशी हसू का आलं नाही ते कळेल. एका मध्यमवर्गीय घरातला तरुण मुलगा बापाशी भांडून घरातून निघून जातो. पुढची सगळी पानं त्याचा शोध. बस, एवढंच!

आणि त्याचा पहिला भाग आम्ही नेऊन दिला होता कापगतेकाकूंना.

कापगतेकाका प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले. माणूस कडक, शब्दाला शब्द. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रवीण. इंजिनीअरिंग अर्धवट सोडून घरी आला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. काका रागात म्हणाले, "या घरात पाय ठेवू नको!" पोरगा त्यांचाच. बॅग उचलली आणि दुर्ग स्टेशनवरून कुठली तरी गाडी पकडली. पोलीस म्हणाले, सज्ञान मुलगा आहे, स्वतःहून गेला, स्वतःहून येईल. त्याला वर्षं झाली. फोन नाही, निरोप नाही. काका म्हणतात, "माझ्यापुरता तो मेला." काकू काहीच म्हणत नाहीत.

फक्त एका गोष्टीवर काकू अडून होत्या. निवृत्तीनंतर सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागतं. काकांनी वैशाली नगरात घर बांधून ठेवलं होतं, रंग लावून ते रिकामं पडून होतं. क्वार्टर खाली करायच्या नोटिसा येत होत्या, आणि काकू हलायला तयार नव्हत्या.

"त्याले हेच दार मालूम आहे," एवढंच त्या बोलत. यावर काका चपला घालून बाहेर पडायचे.

अशा बाईच्या हातात आम्ही हे पुस्तक दिलं होतं. परत मागायचं कुणी? मागायचं तर कारण सांगावं लागणार. शेवटी कुणीच गेलं नाही. आणि काकू पहिला भाग वाचून दुसरा मागायला स्वतः लांजेवारच्या घरी गेल्या.

* * *

काका जन्मात कधी कादंबरी वाचणारे नव्हेत. "खोटं कावून वाचा? खरं काय कमी आहे?" असा त्यांचा सवाल. पण काकूंकडे पहिला भाग होता तेव्हा चौथा भाग पुढच्या घरी पोचवायला म्हणून पल्लवीनं न वाचताच त्यांच्याकडे ठेवला होता. काकांना त्या दिवशी दात काढल्यामुळे घरी पडून राहायचं होतं. त्यांनी तो वाचला!

म्हणजे सबंध मंडळात कादंबरीचा शेवट पहिल्यांदा कळला तो कापगतेकाकांना. सुरुवात माहीत नसताना!

ते माझ्याकडे आले तेव्हा गाल सुजलेला होता. खाकी कव्हरातला चौथा भाग त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"गजू, हे तिले देऊ नको."

"काय झालं काका?"

"देऊ नको म्हणलं ना."

ते गेल्यावर मी वाचला. शेवट असा होता, की मुलगा परत येतो. खून नाही, अपहरण नाही, काही नाही. आपल्या मनानं गेला होता, आपल्या मनानं परत येतो. पण घराला दुसऱ्यांचं कुलूप. आईबाप घर सोडून गेलेत, कुठं ते शेजारच्या बाईला माहीत नाही. मुलगा थोडा वेळ फाटकाशी उभा राहतो आणि परत निघून जातो. समाप्त!

मी तो भाग मिटला. हे वाचल्यावर काकू त्या क्वार्टरची चौकट सोडतील कशाला? काकांचं बरोबर होतं. मी सगळ्यांना फोन केले. भाग चौथा कापगत्यांकडे जाणार नाही, असं ठरलं.

शेवट वाचल्यावर मंडळात जो संताप उसळला तो वेगळाच. पाध्ये सर म्हणाले, "ही रहस्यकथा नव्हे, ही वाचकाची फसवणूक आहे!" लांजेवार म्हणाला, "एवढी पपई कापली अन् एक माणूस नाई मारला!" पल्लवी म्हणाली, "सर, लेखक को चिट्ठी लिखो, पैसे वापस!" मला मात्र ते फाटक दिसत होतं.

* * *

तीन भाग वाचून झाल्यावर काकू चौथा मागायला निघाल्या.

आधी लांजेवारकडे. तो दारातच गडबडला. भाग हरवला म्हणाला. काकूंनी विचारलं, "मंग सांग तरी, काय होते शेवटी?" लांजेवारला खोटं बोलायची सवय नाही, आणि सवय नसलेला माणूस बोलतो तेव्हा फार बोलतो! मुलगा सुरतला आहे, कपड्याचं दुकान टाकलंय, लग्न केलंय, जुळी पोरं आहेत, बायको गुजराती आहे पण स्वभावानं चांगली आहे.

मग पल्लवीकडे. तिनं मुलाला थेट घरी आणलं. सगळे गळ्यात पडून रडतात, बाप माफी मागतो. "एकदम फॅमिली ड्रामा, काकू! हॅपी एंडिंग!"

मग सरांना फोन. सर आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी सांगितलं, शेवटच्या पानांना वाळवी लागली.

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. बसल्या. माझ्या बायकोनं दिलेलं पाणी प्यायल्या.

"गजू, लांजेवारनं त्याले सुरतले दुकान टाकून देल्लं. पल्लवीनं घरी आणून बापाले माफी मागाले लावली. सरांनी वाळवी लावली. आता तू काय करतो ते सांग."

मी त्यांच्यापुढचा रिकामा पेला उचलायला वाकलो.

"मेला ना तो पोट्टा?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू!"

"मंग सारे मिळून लपवून कावून राहिले? पोट्टा जित्ता असता तर लपवलं असतं कोणी?"

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. त्या पुस्तकातल्याच मुलाबद्दल विचारत होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, त्या बाईच्या मनात एक मूल मारून ठेवलं होतं. मी उठलो, कपाटातून चौथा भाग काढला आणि त्यांच्या हातात दिला. काकांना काय सांगायचं याचा विचारही केला नाही.

* * *

पुढचा रविवार सरांकडे होता. काकू येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. त्या आल्या. काकाही आले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत माझ्याकडे न बघता बसले.

मतं सुरू झाली. सगळ्यांनी कादंबरीला यथेच्छ झोडपलं, पण जपून जपून. शेवटाचं नाव कुणी काढेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "मले आवडली."

चिवड्याच्या बशा जागच्या जागी राहिल्या.

"पोट्टा आला ना वापस," काकू म्हणाल्या. "तुमी सारे म्हणता शेवट खराब आहे. आला ना पण तो! इन्स्पेक्टरले नाई सापडला, आपल्या पायानं आला."

"पण काकू, भेट तर झाली नाही," पल्लवीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"ते त्याच्या मायचं चुकलं. घर सोडलं त्याच्यात काई नाई. सारेच सोडतात. मागून येनाऱ्या बाईले पत्ता सांगून जाले पाहिजे होतं का नाई? एवढी शिकलेली बाई दाखवली, एवढी अक्कल नाई देल्ली लेखकानं तिले!"

सरांनी मान हलवली. आजवर कुठल्याही समीक्षेला त्यांनी अशी मान हलवलेली मी पाहिलेली नाही.

काकू पदर सावरून काकांकडे वळल्या. "चला, ट्रक सांगा. पुढच्या महिन्यात जाऊन राहू वैशाली नगरले."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि सुजलेल्या गालाला लावला. खरं तर सूज उतरून बरेच दिवस झाले होते.

* * *

सामान हलवायला आम्ही सगळे गेलो होतो. क्वार्टरमध्ये नवीन येणारं कुटुंब साहूंचं, बेमेतराकडचं. नवरा प्लांटमध्ये नवीन लागलेला, बायको विशीतली, कडेवर तान्ही मुलगी. ट्रक भरेपर्यंत काकूंनी त्या साहू भाभीला ओट्यावर, अंगणातल्या शेवग्याच्या म्हणजे इकडच्या मुनग्याच्या सावलीत बसवून वैशाली नगरचा पत्ता पाठ करून घेतला. शाळेत पाढे घेतात तसा! चौक कुठला, पाण्याची टाकी कुठं, टाकीवरून कोणत्या हाताला, फाटकाचा रंग काय.

"फिर से बोल बेटा," काकू म्हणत, आणि ती बिचारी मुलीला थोपटत थोपटत पुन्हा म्हणे.

काका ट्रकच्या पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. "आटपा लवकर!" म्हणून ओरडत होते. लांजेवार मला हळूच म्हणाला, "दगड हाये हा माणूस." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

कादंबरीचे चारही भाग सरांनी परत शिवून घेतले. मंडळाच्या कपाटात ती आहे. कुणी नेत नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा.

मागच्या उन्हाळ्यात मी कापगत्यांच्या जुन्या क्वार्टरच्या रस्त्यानं सायकलवरून येत होतो. साहू भाभी फाटकात उभी होती. मला ओळखून तिनं हाक मारली, "भैया, आप कापगते अंकल के यहाँ से हो ना?"

मी थांबलो. म्हटलं, हो, काय झालं?

म्हणाली, आंटी दर मंगळवारी येतात. मंदिरात जाते सांगून निघतात, इथं येतात. पाणी पितात, मुलीला खेळवतात, आणि जाताना विचारतात, कोई आया था क्या? आणि बजावून जातात, अंकल को मत बताना.

"बरं," मी म्हटलं.

"और अंकल भी आते हैं. भाजी के बहाने. अंदर नहीं आते, फाटक पे खड़े रहते हैं. वो भी यही पूछते हैं. और बोलते हैं, आंटी को मत बताना."

मला हसावं की काय करावं कळेना. लांजेवारला हे सांगायला हवं असं मनात आलं. मी सायकलवर बसणार, तेवढ्यात तिनं फाटकातून बाहेर येऊन हँडलवर हात ठेवला.

"भैया, एक लड़का आया था."

मी सायकल स्टँडवर लावली.

"पिछले महीने. दाढ़ी थी, पीठ पे बैग. नाम नहीं बताया. इधर-उधर देखता रहा, फिर बोला, मुनगे का पेड़ कब कटा? मैं बोली, तुमको कैसे मालूम इधर मुनगा था? तो चुप हो गया."

"फिर?"

"फिर मैंने बिना पूछे पूरा पता बता दिया. टंकी, चौक, फाटक का रंग, सब. ध्यान से सुना. पूछा, दोनों ठीक हैं? मैं बोली, ठीक हैं. पूछा, साथ में हैं? मैं बोली, हाँ. बोला, अच्छा. पानी माँगा, पिया, और चला गया."

"किधर?"

तिनं हात केला. वैशाली नगर त्या बाजूला नाही.

आत मुलगी रडायला लागली. ती दोन पावलं मागे गेली आणि परत वळली.

"उसके बाद आंटी आईं, अंकल भी आए. दोनों ने पूछा. मैंने दोनों को बोल दिया, कोई नहीं आया." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ठीक किया ना, भैया?"